प्रयोग २१ दिवसांवर, तिकिटं गेलीत ७१. काय करू?

विंगेतली बाई
३ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथं वर्षानुवर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तोंडाला रंग कधी लावला नाही, पण चौदा वर्षं विंगेत उभी आहे. प्रॉपर्टी (म्हणजे रंगमंचावर लागणारं सामान), इस्त्री, सेफ्टी पिना, चहा, नायिकेचं तान्हं मूल, सगळं माझ्याकडे. आमची नऊ जणांची संस्था. राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर सात वेळा उतरलोय. स्पर्धेचं एक बरं असतं. तारीख मिळते, थिएटर मिळतं आणि कुणीच आलं नाही तरी परीक्षक बसलेले असतातच. यंदा आमच्या दिग्दर्शकाच्या (त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे) मनात आलं की आता स्पर्धेबाहेर, स्वतःच्या खिशातून, तिकीट लावून करायचं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका.

नाटकाचं नाव 'पेव'. दोन अंक, मध्यंतर धरून दोन तास दहा मिनिटं. आमच्यातल्याच एकानं लिहिलंय. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. वरून तोंड एवढंसं, आत खोलीएवढी जागा. हळद त्यात वर्षानुवर्षं राहते. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. नाटक पुरानंतरच्या एका घराचं आहे. बापाचा जन्म पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेलेला, आणि मुलीला ती जागा बुजवून तिथं घर बांधायचंय. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही. आधी कंदील दोराला बांधून खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही, थांबायचं. दुसऱ्या अंकाचा शेवट त्या कंदिलावर आहे.

आता रडगाणं. प्रयोग शनिवारी २४ जानेवारीला, रात्री साडेआठ. थिएटरचं भाडं, डिपॉझिट, लाइट-साउंड, नेपथ्य, टेम्पो, रंगभूषा, छपाई मिळून ६८ हजार. त्यातले ३० हजार माझ्या भिशीचे. घरी माहीत आहे, आकडा माहीत नाही. खाली ४८० खुर्च्या, वर बाल्कनीत १९०. खाली १५० रुपये, बाल्कनी ८०. आजपर्यंत ७१ तिकिटं गेली. त्यातली २२ आमच्या शाळेच्या केंद्रातल्या शिक्षकांनी "बघू, जमलं तर" म्हणत घेतली, म्हणजे ती माणसं येतील याची खात्री नाही.

तारीख घेताना आम्ही फक्त थिएटर मोकळं आहे का एवढंच बघितलं. आता कळतंय की २६ सोमवारी आहे, शनिवार-रविवार जोडून निम्मी सांगली कोकणात जाणार. त्यात १५ तारखेला महापालिकेचं मतदान. मला निवडणुकीची ड्यूटी लागलीय, म्हणजे संक्रांतीची रात्र मतदान केंद्रावर. लाउडस्पीकरवाल्या रिक्षा सगळ्या उमेदवारांनी बांधून ठेवल्यात. फ्लेक्सचं नाव काढलं की छापणारा हात जोडतो.

विचारायचंय ते असं. पासचं काय करू? रोज कुणीतरी "दोन पास ठेव" म्हणतं, अगदी आपला हक्क असल्यासारखं. बाल्कनी स्वस्तात काढावी का? एक मसालेवाले १५ हजार द्यायला तयार आहेत, पण त्यांना रंगमंचावर मागं बॅनर हवाय आणि बापाच्या तोंडी एकदा त्यांच्या हळदीचं नाव. लेखक तेव्हापासून जेवला नाहीये. आणि मुख्य प्रश्न: आमच्यात कुणी टीव्हीवरचा चेहरा नाही. अशा नाटकाला अनोळखी माणूस दीडशे रुपये देऊन का यावा, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

नाटकाचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलंय, तेवढं एक काम झालंय.

आगाऊ कार्टं
४ जानेवारी, सकाळी ८.०५

पेव फुटेल ताई, काळजी नसावी. (सॉरी, राहवलं नाही.)

तिसरी घंटा
४ जानेवारी, सकाळी १०.३०

पुण्यात आम्ही दीडशे-पावणेदोनशे खुर्च्यांच्या जागेत नाटकं करतो, त्यामुळे तुमचे ४८० वाचून पहिल्यांदा पोटात गोळा आला. पण प्रामाणिकपणे सांगतो, ७१ वाईट नाही. आमच्याकडे निम्मी तिकिटं शेवटच्या चार दिवसांत जातात. लोक आजकाल गुरुवारपर्यंत शनिवारचं ठरवतच नाहीत.

मसालेवाल्यांचे १५ हजार या अटीवर घेऊ नका. बॅनर एक वेळ आवरता येईल, पण बापाच्या तोंडचं ते वाक्य प्रेक्षक घरी घेऊन जाईल आणि बाकी नाटक विसरेल. त्यांना सांगा की फॉयरमध्ये टेबल मांडा, मध्यंतरात पाकिटं विका, तिकिटाच्या मागच्या बाजूला तुमचं नाव छापतो. पाच हजार देतील. नाही दिले तरी लेखक जेवेल.

कागदाचं म्हणाल तर प्रमाणपत्र आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (म्हणजे सेन्सॉरच्या) प्रमाणपत्राची प्रत जोडून पोलिसांकडचा अर्ज आत्ताच टाका. बंदोबस्ताच्या आठवड्यात साहेब जागेवर सापडणार नाहीत. तुमच्या नाटकात पार्श्वसंगीताला कुठलं तयार गाणं वापरलंय का? वापरलं असेल तर त्याचे हक्क बघा, नाहीतर सरळ एखाद्या ओळखीच्या पोराकडून चार सूर वाजवून घ्या. तिकीट ५०० च्या आत आहे, तेव्हा नाटकाला जीएसटीची भानगड नाही. ऑनलाइनवाले त्यांचं कमिशन घेतात ते वेगळं.

रीलबद्दल एक. करा, पण त्यावर विसंबू नका. आमच्या मागच्या नाटकाचं रील ११ हजार लोकांनी पाहिलं. दारात मी प्रत्येकाला विचारलं, कुठून कळलं? रील बघून आलेले नऊ. त्यातले दोघं रील करणाऱ्याचे रूममेट.

जुना प्रॉम्प्टर
४ जानेवारी, दुपारी ३.१५

बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी ७१ वर्षांचा आहे, म्हणजे तुझ्या विकलेल्या तिकिटांएवढा. माझी हयात मिरजेत गेली, नोकरी रेल्वेत आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या नाटकाच्या विंगेत वही घेऊन. तेव्हा आपण एकाच जातीचे.

पासची रड नवी नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं ते संस्थानिकांच्या आश्रयानं. तिकीट लावून खेळ करायला मंडळींना पुढं १८५३ साली मुंबई गाठावी लागली. सांगलीकराच्या रक्तात पास आहे तो असा, राजवाड्यापासून. दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो, "दोन पास ठेव रे."

मी काय करत असे ते सांगतो. वहीच्या एका पानावर बारा ओळी आखायच्या. बाराच. ज्यांच्यामुळे नाटक उभं राहिलं त्यांचीच नावं त्यात. तुमच्यात थिएटरचा इलेक्ट्रिशियन येईल, तालमीला जागा देणारा येईल, लेखकाची आई येईल. बारा भरल्या की वही मिटायची. कुणी मागितला तर वही उघडून दाखवायची, "काका, इथं जागा नाही, तुम्हीच बघा." माणूस वहीशी वाद घालत नाही. आणि ज्याला फुकट दिलंस त्याची खुर्ची सगळ्यात आधी रिकामी राहते, हे चौदा वर्षांत तुलाही दिसलं असेल.

दुसरं. पाहुणे बोलावू नकोस. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, नारळ, "दोन शब्द". दोन शब्दांचे चाळीस मिनिटं होतात आणि पडदा साडेनऊला उघडतो. शेवटची सिटी बस गाठणारा माणूस दुसऱ्या अंकात उठतो. नटराजाची पूजा पडद्याआड करा, नारळ आत फोडा आणि साडेआठला तिसरी घंटा द्या. पहिल्या प्रयोगाला वेळेवर पडदा उघडला ही बातमी सांगलीत दुसऱ्या दिवशी आपोआप फिरते, इतकी ती दुर्मिळ आहे.

तिसरं, तुझ्या मुख्य प्रश्नाबद्दल. अनोळखी माणूस का यावा असं विचारतेस. पण तू अनोळखी माणसाकडे जातेसच कशाला? नाटक हळदीचं आहे. मार्केट यार्डात जा. अडते, तोलाईवाले, हमाल. त्यांच्या धंद्यावर कुणी नाटक केलंय हे त्यांना माहीत तरी आहे का? विकायला जाऊ नकोस. पेवात उतरलेला एखादा म्हातारा हमाल शोध आणि त्याला तालमीला आण. चुका काढायला. त्याला तिकीट विचारायचं नाही, तो तुझ्या बारा ओळींतला.

आणि जोडून सुट्टी आहे म्हणून घाबरतेस. तुम्हा शिक्षकांना २६ ला झेंडावंदन असतं ना? तुम्ही कुठं जाणार आहात कोकणात?

विंगेतली बाई
४ जानेवारी, रात्री १०.५०

काका, झेंडावंदनाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जिल्ह्यातले सगळे गुरुजी त्या शनिवारी घरी आहेत! उद्यापासून केंद्रांचे ग्रुप धरते.

वही आखली. अकरा नावं झाली. बारावी ओळ हमालासाठी मोकळी ठेवलीय.

तिसरी घंटा, संगीतासाठी एक मुलगा संबळ आणि हार्मोनिअम वाजवतोय, तयार गाणं नाही. पोलिसांचा अर्ज उद्या मधल्या सुट्टीत.

डिमरवाला
५ जानेवारी, रात्री १२.२०

ताई मी प्रकाशयोजना करतो, कोल्हापूर साइडला. तुम्ही पेव रंगमंचावर कसं दाखवताय ते कुणीच विचारलं नाही, आणि तुमच्या बाल्कनीचं उत्तर तिथंच आहे.

विंगेतली बाई
५ जानेवारी, सकाळी ६.४५

तीन फूट उंचीच्या लेव्हल (लाकडी चौथरे) जोडून आठ बाय बाराचं अंगण केलंय. मधोमध अडीच फुटांचं गोल भोक, तेच पेवाचं तोंड. खाली गादी टाकलीय. बाप उतरतो तेव्हा आत जाऊन गादीवर बसतो. तालमीच्या हॉलमध्ये समोरून छान दिसतं. कंदील सोडतो तेव्हा मात्र तीन फुटांत गादीला टेकतो. तिथं काहीतरी चुकतंय, पण काय करावं कळत नाही.

डिमरवाला
५ जानेवारी, सकाळी ९.१०

वाटलंच. बाल्कनी बंद करा. पूर्ण. वरून बघणाऱ्याला भोकातून तुमचा हिरो मांडी घालून बसलेला दिसेल. ८० रुपयांत त्याला पेवही दिसणार नाही आणि नाटकही. खालच्या रांगांना लेव्हलची फक्त पुढची बाजू दिसते, भोकातलं काही दिसत नाही, म्हणजे खोली हवी तेवढी खोटी सांगता येते. शिवाय १९० रिकाम्या खुर्च्या वरती अंधारात असल्या तर नटांना त्या जाणवत नाहीत. ४८० मध्ये ३५० माणूस भरलेला वाटतो, ६७० मध्ये तोच सुतकाला आल्यासारखा वाटतो.

कंदिलाचं सोपं आहे. लेव्हलच्या पोटात एक माणूस बसवा. बारीक चणीचा. बाप वरून दोर सोडत जाईल, खालचा माणूस तो गुपचूप गोळा करत जाईल. बापाच्या हातातून बारा हात दोर गेला की प्रेक्षकाला बारा हात खोल दिसतं. खरी ज्योत आत लाकूड-कापडात नकोच, थिएटरवालेही देणार नाहीत. कंदिलात बॅटरीचा पिवळा एलईडी घाला आणि बटण खालच्या माणसाकडे. "विझला" हा क्यू (इशारा) लाइटवाल्याचा नाही, त्या माणसाचा. आतून भोकाला चारी बाजूंनी काळं कापड लावा. तळाला एक छोटा एलईडी पार-दिवा आडवा ठेवा, पिवळट, २० टक्क्यांवर, म्हणजे उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर खालून उजेड येईल. धूर थोडासाच, मशिन भाड्यानं ७००-८०० ला मिळतं. प्रकाशात तो हळदीच्या धुळीसारखा दिसतो.

खरी हळद वापरताय का? वापरत असाल तर थांबवा.

विंगेतली बाई
५ जानेवारी, रात्री ९.३०

कालच्याच तालमीत थांबली. बाप पोतं रिकामं करतो तिथं आम्ही दोन किलो खरी हळद ओतली. सगळ्यात मोठं स्वगत शिंकत शिंकत झालं. मुलीचं काम करणारीचा पांढरा कुर्ता आता कायमचा पिवळा आहे आणि लेव्हलवर एकाचा पाय घसरला. आता पोत्यात लाकडाचा भुसा, पिवळा रंगवून, हळकुंडं फक्त वरच्या थरात.

बाल्कनी बंद केली. सहा तिकिटं गेली होती, त्यांना त्याच पैशांत खाली बसवतेय. लेव्हलच्या पोटात बसायला बारीक चणीचं माणूस संस्थेत एकच आहे. चौदा वर्षांनी रंगमंचावर चाललेय, तेही जमिनीखालून.

कृष्णाकाठ
६ जानेवारी, पहाटे ४.१५ (इथं रात्र आहे)

मी सांगलीची, सध्या मुक्काम डब्लिन. धागा वाचून घरची आठवण आली. आई-बाबा विश्रामबागला असतात, त्यांच्या अपार्टमेंटसाठी सहा तिकिटं ऑनलाइन काढलीत.

एक सुचवू? प्रयोग २४ ला आहे, रथसप्तमी २५ ला. म्हणजे संक्रांतीपासून तुमच्या प्रयोगापर्यंत सांगलीत घरोघर हळदीकुंकू चालू असणार. हळदीकुंकू! आणि तुमचं नाटक हळदीचं! मी तर तिकिटच वाण म्हणून लुटलं असतं.

आगाऊ कार्टं
६ जानेवारी, सकाळी ९.००

दीडशे रुपयांचं वाण? आमच्या कॉलनीत मागच्या वर्षी चहाची गाळणी होती.

विंगेतली बाई
६ जानेवारी, सकाळी ९.४०

कार्ट्याचं बरोबर आहे, दीडशेचं वाण कुणी लुटत नाही. पण कृष्णाकाठ, तुमच्या तोंडात साखर पडो. हळदीकुंकवाला वाण मी देईन: एक हळकुंड, त्याला दोऱ्यानं बांधलेली बोटभर चिठ्ठी, त्यावर नाटकाचं नाव, वार, वेळ. लग्नाची अक्षत घेऊन जातो तसं जायचं. मुलीचं काम करणारी पोरगी बरोबर येईल, चार मिनिटांचं एक स्वगत बायकांच्या मधोमध उभी राहून करेल. माइक नाही, रेकॉर्ड नाही. मग तिकिटाचं पुस्तक पर्समधून काढायचं. बघते जमतंय का.

जुना प्रॉम्प्टर
६ जानेवारी, सकाळी ११.२०

उत्तम. पण स्वगत अर्ध्यावर तोडा. शेवट ऐकायचा असेल तर थिएटरात या म्हणावं.

आणि पेपरला आधी चार दिवस दोन ओळींचं टिपण दे, "शहरात आज" सदरासाठी. दोन पानी प्रेस नोट कुणी वाचत नाही. एक फोटो, खाली नावं डावीकडून उजवीकडे. फोटोत सगळी संस्था रांगेत उभी नको, एकटा कंदील धरलेला माणूस हवा.

विंगेतली बाई
१९ जानेवारी, रात्री ११.१५

हिशेब देते, इथल्या लोकांचं देणं लागते म्हणून.

हळदीकुंकवं आतापर्यंत पाच झाली, अजून चार बाकी. पाचांत ८४ तिकिटं. पहिल्या ठिकाणी पोरगी स्वगत करायला उभी राहिली आणि घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तिनं थांबून शिट्ट्या मोजल्या आणि पुढं बोलायला लागली, जणू नाटकातलंच स्वयंपाकघर. तिथंच १९ गेली. काकांचं ऐकून स्वगत तोडलं, तर एका आजींनी हात धरून विचारलं, "मग बुजवलं का गं तिनं?" मी सांगितलं नाही. आजींनी चार तिकिटं घेतली, एक सुनेच्या आईसाठी.

१४ च्या रात्री मतदान केंद्रावर झोपायला फळ्याखाली जागा मिळाली. पथकातल्या बाकी चौघांना मशिनं मोजून होईपर्यंत पाच तिकिटं विकली. आचारसंहितेत नाटक येत नाही असं केंद्राध्यक्षांनी स्वतः सांगितलं, आणि त्यांनी दोन घेतली.

यार्डात दिग्दर्शक गेला होता. अडत्यांनी आधी "वर्गणी किती?" म्हणून विचारलं. वर्गणी नको, या म्हटल्यावर त्यांना जरा वेळ लागला समजायला. ४६ गेली. आणि हमालकाका मिळाले. पंच्याहत्तरी उलटलीय, पेवात शेकड्यानं वेळा उतरलेत. काल तालमीला आले. पहिला अंक डोळे मिटून ऐकला, आम्हाला वाटलं झोपले. मग म्हणाले, "त्यो उतरतोय विहिरीत उतरल्यावानी. पेवात आदी पाय न्हाय, आदी कान." आमचा बाप झालेला नट रात्री साडेबारापर्यंत पेवाच्या तोंडाशी कान लावून ऐकायची सवय करत होता. ते एक करायला लागल्यापासून तो सीन वेगळाच झालाय. पाच तालमींत दिग्दर्शकाला जे सांगता येत नव्हतं ते यांनी एका वाक्यात सांगितलं.

मसालेवाले टेबलावर आले. पाच हजार. लेखक जेवला.

एकूण २९८. थिएटर आम्हाला शनिवारी सकाळी नऊलाच ताब्यात मिळणार, म्हणून रंगीत तालीम गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये, फरशीवर खडूनं थिएटरचं माप आखून. शनिवारी सकाळी फक्त क्यू टू क्यू, म्हणजे मधले संवाद गाळून नुसते लाइट-साउंडचे इशारे.

डिमरवाला
२० जानेवारी, सकाळी ८.००

शनिवारी बॅटरी नवीन घाला. जुनी "अजून चालतेय" म्हणून ठेवू नका. एक जास्तीची स्वतःजवळ आत घेऊन बसा.

तिसरी घंटा
२४ जानेवारी, संध्याकाळी ७.५०

आज्ञा असेल तर पुण्यातून टाळी. कळवा रात्री.

विंगेतली बाई
२५ जानेवारी, रात्री १.३५

झोप येत नाही म्हणून लिहितेय. अंगावरची काळी साडी अजून बदलली नाही, गुडघ्यांना गादीचे वळ आहेत.

तिकिटं ४१२. बारा वहीतले. तिसरी घंटा ८.३३ ला झाली, ती तीन मिनिटं माझ्यामुळे, कंदील विंगेत विसरून मी आत जाऊन बसले होते. जमा ६१,३८० आणि मसालेवाल्यांचे ५,०००. खर्च धुराच्या मशिनसकट ६८,८००. म्हणजे २,४२० अंगावर. घरी आता आकडा माहीत आहे. "एवढंच?" म्हणाले, आणि मला आणखीनच अपराधी वाटलं.

नाटक मी पाहिलं नाही. दुसरा अंक पूर्ण ऐकला, खालून. आतून वेगळंच ऐकू येतं. फळ्यांवरचे पाय, कोण घाबरलंय ते पायांवरून कळतं. चारशे माणसांचं खोकणं कळतं. आणि मग मध्येच खोकणं बंद झालं तेही कळलं.

शेवटचा सीन. बाप दोर सोडतोय, मी गोळा करतेय. एक हात, दोन हात, गादीवर वेटोळं. कंदील माझ्या नाकासमोर लोंबतोय, बोट बटणावर. दहा हात झाले. अकरा. बारा झाले की पोरीचं वाक्य आणि विझवायचा. बारावा आला, दोर थांबला. आणि तिसऱ्या रांगेतून, हमालकाकांचा आवाज, अगदी मोठ्यानं:

"थांब. आजून दोन हात सोड."

थिएटरात कुणी हसलं नाही. वर बाप उभा, हातात दोराचं टोक. मला खालून त्याचा फक्त अंगठा दिसत होता. पोरगी वाक्य विसरली की थांबली, अजून विचारलं नाही. मग तो गुडघ्यावर बसला, पालथा झाला, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि टोकाला धरून तेवढा दोर खाली दिला. त्याचा घाम माझ्या मनगटावर पडला. मी ते दोन हात गोळा केले आणि मग बटण दाबलं.

मिरजेला २१ फेब्रुवारीची तारीख मिळतेय. दोर वीस हात घेतेय. डिमरवाले, एक सांगा: एवढं वेटोळं झालं की गादीवर मला बसायला जागा उरत नाही, लेव्हल चार फुटांची करू का, की गादी काढू?